वाफसा निघून जाण्याआधी : कर्णबधिर मुलांची भाषा आणि शाळा



पेरणीचे गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. पाऊस पडून गेला, जमिनीत वाफसा आला, की तिफण धरायची. चार दिवस हयगय केली तर जमीन तीच, बियाणे तेच, खत तेच. पण उगवण निम्मी. नंतर कितीही पाणी दिले तरी गेलेला वाफसा परत येत नाही.

लहान मुलाला भाषा येण्याचेही असेच आहे. जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंत मुलाचा मेंदू भाषा घेण्यासाठी तयार असतो. त्यातही पहिली तीन वर्षे फार मोलाची. या काळात कानावाटे किंवा डोळ्यांवाटे एखादी पूर्ण भाषा मुलापर्यंत पोचली, तर पुढे ते वाचायला, हिशेब करायला, कारण विचारायला शिकते. पोचली नाही, तर नंतर चांगल्या शाळेत घालूनही मोठी तूट राहते.

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपल्या गावांतून नेमकी हीच वर्षे वाया जातात. "उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला होता," असे म्हणत दोन वर्षे जातात. मग नवस आणि नोव्हेना. मग कोणी सांगितले म्हणून कानात औषधे घालणे. सातव्या-आठव्या वर्षी कोणीतरी शाळेचे नाव सांगते, तोवर मूल म्हशींमागे जायला लागलेले असते. प्रार्थना जरूर करावी. पण प्रार्थना करणाऱ्याने दवाखान्याची आणि शाळेची वाटही चालावी. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

मुका नव्हे, कर्णबधिर

आपण सहज 'मुका' म्हणतो. पूर्वी शाळांच्या पाट्यांवरही 'मूकबधिर' असे लिहिलेले असे. परंतु अशा बहुतेक मुलांचा घसा, जीभ व स्वरयंत्र धड असते. शब्द कधी कानावर पडला नाही, म्हणून तो तोंडातून येत नाही, एवढेच. म्हणून आता 'कर्णबधिर' हा शब्द वापरतात. ते मूल बुद्धीने कमी असते असेही नाही. त्याला काही सांगितले गेलेले नसते, म्हणून ते अडाणी दिसते.

दर हजार बालकांमागे एक ते तीन बालकांना जन्मतःच लक्षणीय बहिरेपण असते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचा दोष असलेल्या सुमारे ५० लाख माणसांची नोंद झाली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहांपैकी नऊ कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणजे घरात कोणालाच खुणांची भाषा येत नसते. दोष कोणाचा नसतो. पण शिकण्याची सुरुवात मात्र आईबापांपासूनच करावी लागते.

घरी कसे ओळखावे?

१. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत जवळ भांडे पडले, दार आपटले, तर बाळ दचकते किंवा डोळे मिटते.
२. चार-पाच महिन्यांचे बाळ आईच्या आवाजाच्या दिशेने मान वळवते.
३. वर्षाच्या आसपास नाव घेतल्यावर पाहते. 'आई', 'बाबा' असा एखादा शब्द बोलते.
४. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते : 'दूध दे', 'बाबा आले'.

यात चूक होण्याच्या दोन जागा आहेत. पहिली अशी, की बहिरे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, आवाज काढते. त्यामुळे आईबाप निर्धास्त राहतात. दुसरी अशी, की बाळाला ऐकू आले नाही तरी पाय आपटल्याचा जमिनीतून हादरा जाणवतो आणि मागून येणाऱ्याची सावली दिसते. म्हणून पाठीमागून, सावली न पडू देता, जमिनीला धक्का न लावता आवाज करून पाहावा. शंका आली तर थांबू नये.

आता नवजात बाळाचेही कान तपासता येतात. 'ओएई' नावाच्या तपासणीत कानात एक छोटी बोंडी ठेवतात. 'बेरा' तपासणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून पाहतात. दोन्हींत काही दुखत नाही. डॉक्टरांचा ठोकताळा एक-तीन-सहा असा आहे : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि बहिरेपणाचाही त्यात समावेश आहे. आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडीच्या बाईंना सांगून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. कानांसाठीच्या मोठ्या सरकारी संस्थांमध्ये म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, तसेच मुंबईला वांद्रे येथे १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. या दुसऱ्या संस्थेचे केंद्र सिकंदराबादलाही आहे. हैदराबादकडच्या आपल्या लोकांना ते जवळ पडेल.

टाळता येणारी कारणे

सर्वच बहिरेपण टाळता येत नाही. पण काही नक्की टाळता येते.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाला तर बाळाचे कान, डोळे व हृदय यांना धोका असतो. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा द्यायची असते. २०१७ साली देशात या लसीची मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात गोवा आणि कर्नाटक ही राज्ये होती. मुलींचा एकही डोस चुकवू नये. आजच्या मुलीच उद्याच्या आया आहेत.

नवजात बाळाची कावीळ फार वाढू देऊ नये. तापात मान ताठ झाली, झटके आले, तर मेंदूज्वर समजून लगेच मोठे रुग्णालय गाठावे. जेंटामायसिनसारख्या काही इंजेक्शनांनी कानाची नस दुखावू शकते. ती डॉक्टरने मोजून दिल्याशिवाय घेऊ नयेत. कान वाहत असेल तर त्यात तेल, लसणाचा रस, पाल्याचा रस काही घालू नये. कान कोरडा ठेवून डॉक्टरला दाखवावा.

जवळच्या नात्यात लग्न केल्यास जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो. मामा-भाची, मामेभाऊ-आतेबहीण अशी लग्ने आपल्या सीमाभागात व तेलंगणाकडे पूर्वापार चालत आली आहेत. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे (कॅनन १०९१) सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांचे लग्न विशेष परवानगीवाचून होत नाही. परवानगी मागण्याआधी कुटुंबात कोणी बहिरे आहे का, याचा विचार दोन्ही घरांनी करावा.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे नव्हेत

भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीसारखीच पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचे शब्द आहेत, स्वतःचे व्याकरण आहे. हाताचा आकार, हाताची जागा, हालचाल आणि चेहरा या चार गोष्टींनी अर्थ ठरतो. 'हो की नाही' असा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. 'काय', 'कुठे' हे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि नकारही शेवटी येतो. 'तुझे नाव काय', 'मी येत नाही' असे आपण मराठीत बोलतो तसेच. इंग्रजी माणसापेक्षा मराठी माणसाला ही रचना सोपी जाते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा एक लाभ सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना चटकन पटेल. बेळगावचे कर्णबधिर मूल मराठी, कन्नड की कोंकणी घरातले, हा प्रश्नच उरत नाही. गावागणिक काही खुणा बदलतात. तरी बेळगावचा मुलगा इंदूरच्या किंवा बडोद्याच्या कर्णबधिर मुलाशी थोड्या वेळात गप्पा मारू लागतो.

घरात एकच कर्णबधिर मूल असेल तर ते जेवण, पाणी, झोप यांसाठी आपापल्या खुणा काढते. त्यावर दिवस निघतो, पण ती भाषा नव्हे. 'परवा', 'कदाचित', 'का', 'जर पाऊस आला तर' हे त्या खुणांत सांगता येत नाही. भाषेला चार बोलणारे लागतात. निकाराग्वा देशात १९७७ नंतर प्रथमच बरीच कर्णबधिर मुले एका शाळेत जमली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवत होते. पण मुलांनी खेळता खेळता आपसांत एक नवी सांकेतिक भाषाच उभी केली. मुले एकत्र आली की भाषा वाढते. एकटे मूल मात्र कोरडेच राहते.

'खुणा शिकवल्या तर बोलायचे राहील' ही भीती

ही भीती जुनी आहे. १८८० साली इटलीत मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. तिने ठरवले की कर्णबधिरांना केवळ तोंडी बोलूनच शिकवावे. ठराव करणारे जवळजवळ सर्व ऐकू येणारे होते. त्यानंतर जगभर, आपल्या देशातही, अनेक शाळांतून खुणा करणाऱ्या मुलांना हात बांधून बसायला लावण्यापर्यंत मजल गेली. १३० वर्षांनी, २०१० साली, कॅनडात व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

आज तज्ज्ञांचे म्हणणे असे, की खुणांची भाषा शिकल्याने बोलणे अडत नाही. उलट आधी एक भाषा पक्की झाली की तिच्या आधाराने दुसरी भाषा वाचायला व लिहायला शिकणे सोपे जाते.

यंत्र आणि शस्त्रक्रिया

थोडे ऐकू येणाऱ्या मुलाला श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो. पूर्ण बहिऱ्या लहान मुलाला 'कॉक्लियर इम्प्लांट' नावाची शस्त्रक्रिया करता येते. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून गरजू कुटुंबांना यंत्रे मिळतात आणि निवडक बालकांची शस्त्रक्रियाही होते. तिला वयाची अट आहे, म्हणूनही लवकर तपासणी हवी. परंतु शस्त्रक्रिया झाली की दुसऱ्या दिवशी मूल बोलू लागते, असे समजू नये. पुढे काही वर्षे नियमाने बोलण्याचे शिक्षण द्यावे लागते, यंत्राचे सेल व दुरुस्ती सांभाळावी लागते. यंत्र घाम, धूळ आणि पाणी यांपासून जपावे लागते. या सर्व काळातही घरात खुणांची भाषा चालू ठेवावी. यंत्र बंद पडले म्हणून मूल भाषेवाचून राहू नये.

शाळा : हक्क आणि वाट

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ते जवळच्या शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, हे निवडता येते. शिक्षकांना सांकेतिक भाषेचे शिक्षण देण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने सरकारवर टाकली आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. हे मिळवण्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा दाखला व 'यूडीआयडी' ओळखपत्र आधी काढून ठेवावे.

दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते. २०२१ साली ते १०,००० झाले. हा कोश चित्रफितींचा आहे, मोबाईलवर विनामूल्य पाहता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सांकेतिक भाषेला शाळेत स्थान दिले. २०२१ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने दहावीच्या पातळीवर ती विषय म्हणून आणली. डिसेंबर २०२४ मध्ये या भाषेसाठी 'पीएम ई-विद्या' योजनेत ३१ क्रमांकाची वेगळी वाहिनीही सुरू झाली.

शाळा निवडताना पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. वर्गात शिक्षक खुणांच्या भाषेत शिकवतात काय? शाळेत कर्णबधिर शिक्षक किंवा मोठी कर्णबधिर माणसे आहेत काय? मुले पाचवी-सहावीत स्वतः वाचून अर्थ सांगतात, की फळ्यावरचे नुसते उतरवून घेतात? नेटके अक्षर पाहून फसू नये. वसतिगृहात मुलगी असेल तर राहण्याची व्यवस्था, रात्रीची देखरेख स्वतः जाऊन पाहावी.

आणि मुलाला वसतिगृहात पोचवून आपले काम संपले असे मानू नये. मे महिन्यात ते घरी येते, शाळेत शंभर गोष्टी शिकलेले असते आणि घरात सांगायला एकही माणूस नसतो. ताटाला ताट लावून सर्व हसतात आणि त्याला 'मग सांगतो' अशी खूण होते. ते 'मग' कधीच येत नाही. अशा मुलाला घरच परके वाटू लागते.

भाषा नसली तर काय घडते?

कर्णबधिर मुलगा शेतात कामाला वाघ असतो, असे आपण कौतुकाने म्हणतो. खरेच आहे. पाहून तो सगळे शिकतो. परंतु काम दाखवता येते, कारण दाखवता येत नाही. औषध फवारताना तोंड बांध असे दाखवले तर तो आपल्यासमोर बांधील. पण डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ काय, रिकाम्या डब्यातून पाणी का प्यायचे नाही, हे भाषेवाचून कसे सांगणार? मळणी यंत्राचा आवाज बदललेला त्याला कळत नाही. मागे येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही. पंपाला, यंत्राला दिसणारा दिवा लावावा, त्याच्या मागून वाहन नेऊ नये, हे तर करावेच. पण खरा बचाव भाषा हाच.

मुलींच्या बाबतीत याहून कठीण. तिच्यावर कोणी हात टाकला तर ती सांगणार कशी? सांगता येत नाही हे ओळखूनच दुष्ट माणसे अशी मुलगी हेरतात. शरीराच्या अवयवांची, 'नको' म्हणण्याची आणि माणसांची नावे सांगण्याची खूण तिला लहानपणीच आली पाहिजे. न्यायालयात खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्ष कायद्याने मान्य आहे. पण साक्ष द्यायला आधी भाषा लागते.

वाटणीच्या वेळीही असेच. भाऊ कागद पुढे करतात आणि कर्णबधिर भाऊ अंगठा उठवतो. कशावर, ते त्याला ठाऊक नसते. बहिरेपणामुळे वारसाहक्क जात नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तर स्पष्ट म्हटले आहे, की आपण काय करतो हे समजत असेल तर बहिरा किंवा मुका माणूसही मृत्युपत्र करू शकतो. अंगठ्याऐवजी वाचून केलेली सही हे त्या भावाचे खरे कुंपण आहे.

ख्रिस्तसभेची जुनी वाट

हे काम आपल्याला नवे नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील बेनेडिक्टाईन संन्यासी पेद्रो पोन्से दे लेओन यांनी कर्णबधिर मुलांना शिकवले. त्या काळी बहिऱ्यांना शिकवता येतच नाही असा समज होता. १७६० च्या सुमारास पॅरिसचे धर्मगुरू शार्ल मिशेल द लेपे यांनी गरीब कर्णबधिरांसाठी मोफत शाळा काढली. त्यांचा मोठेपणा असा, की ते आधी मुलांच्या खुणा शिकले आणि मग मुलांना शिकवू लागले. आपल्या देशात मुंबईचे कॅथोलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात कर्णबधिरांची शाळा निघाली. ती देशातील पहिली मानतात. आणि २ मे २०२४ रोजी केरळात त्रिशूर येथे फादर जोसेफ थेर्मडम यांना गुरुदीक्षा मिळाली. ते स्वतः कर्णबधिर आहेत. मिस्सा सांकेतिक भाषेत अर्पण करतात.

कर्णबधिरांना संस्कार नाकारता येत नाहीत. लग्नाची संमती बोलता येत नसेल तर खुणांनी देता येते (कॅनन ११०४). पापनिवेदन खुणांनी, लिहून किंवा दुभाष्यामार्फत करता येते (कॅनन ९९०); दुभाष्यावर गुप्ततेचे बंधन असते.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

१. वॉर्डावॉर्डांतून पाहावे : कोणत्या घरी ऐकू न येणारे मूल आहे? काही घरी ते पाहुण्यांसमोर आणत नाहीत. त्या घरी चौकशीसाठी न जाता मदतीसाठी जावे.
२. तपासणी, दाखला व शाळाप्रवेश यांसाठी एका जाणत्या माणसाने त्या आईबापांसोबत जावे. दोन दिवसांची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे लागते, म्हणून अनेकांचे दाखले राहिले आहेत. सेंट व्हिन्सेंट दे पॉल संघाला हे सहज जमेल.
३. जवळच्या गावातल्या शिकलेल्या कर्णबधिर तरुणाला किंवा तरुणीला महिन्यातून दोनदा बोलवावे, मानधन द्यावे. घरची माणसे, शेजारची मुले व धर्मशिक्षणाच्या सिस्टर यांनी एकत्र बसून शिकावे.
४. मिस्सेत या मुलांना पुढे बसवावे. वाचन कोठून आहे ते लिहून दाखवावे. धर्मगुरूंच्या तोंडावर उजेड पडेल असे पाहावे.
५. घरी बोलण्याआधी मुलाची नजर आपल्याकडे वळवावी, उजेडाकडे तोंड करून बोलावे. मुलाला नाव खुणेने द्यावे. त्याच्या व्यंगावरून हाक मारू नये.
६. रोज निदान एक नवी खूण घरातल्या सर्वांनी शिकावी. आजी-आजोबांनीही. वर्षाला ३६५ होतात.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्या माणसाला बरे करतो. तेथे एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो आणि आधी त्याच्या कानांना व जिभेला बोट लावतो. म्हणजे जे त्या माणसाला कळेल अशा स्पर्शाने, खुणेने त्याच्याशी बोलतो, आणि मगच शब्द उच्चारतो. कान उघडणे आपल्या हाती नाही. पण मुलाला कळेल अशा रीतीने त्याच्याशी बोलणे आपल्या हाती आहे. ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या आतले मूल आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याच्या पाठीमागे उभे राहून एकदा टाळी वाजवून पाहावी. शंका आली तर पुढच्या आठवड्यातच जिल्हा रुग्णालय गाठावे.